तीन जांभळी पिसं

अर्धांगवायूचा झटका येऊन महिना झाला, तरी मृदुलाताई उजवा हात हलवायला तयार नव्हत्या. मिरजेच्या दवाखान्यात तबस्सुम त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला यायची, हातात मऊ चेंडू द्यायची. त्या तो बाजूला ठेवायच्या.

दिवाळी चार दिवसांवर आली होती. वेळ बघायला तबस्सुमने मोबाइल काढला. पडद्यावर पणत्यांच्या उजेडात मोराची रांगोळी होती.

"हा मोर माझा आहे," मृदुलाताई म्हणाल्या.

"काकू, हा तर मी नेटवरून घेतलाय. दिवाळीचे वॉलपेपर असतात ना, त्यातला."

"असेल. हा मी आमच्या दारात काढला, त्या वर्षी येणारे-जाणारे थांबून फोटो काढत होते. निळा रंग संपला, म्हणून शेवटची तीन पिसं मी जांभळी भरली. बघ."

तबस्सुमने चित्र मोठं केलं. पिसं जांभळीच होती. "अय्या! काकू, किती जणांच्या फोनवर असेल हा!"

मृदुलाताईंनी डाव्या हाताने आपला निजलेला उजवा हात उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "चेंडू नको गं मला. रांगोळी आणशील?"

दुसऱ्या दिवशी तबस्सुमने वाटीभर रांगोळी आणि एक पाट आणला. उजव्या हाताच्या चिमटीत धरलेली रांगोळी पुन्हा पुन्हा सांडत होती. बऱ्याच वेळाने पाटावर एक जाड, वाकडी रेघ उमटली.

"पुसू का?" तबस्सुमने विचारलं.

"छे, राहू दे," मृदुलाताई धापा टाकत म्हणाल्या. "उद्याची हिच्या शेजारी काढू."