अकरा नंबर

आपल्याच वॉर्डात ठेवलेल्या आईची नाडी लागेना, तेव्हा पेडणेकर सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मान हलवल्यावर सिस्टरांनी सलाईन काढलं, डोळे मिटवले, हनुवटीखालून पट्टी बांधली आणि चादर वर ओढली.

स्वेच्छानिवृत्ती घ्यावी की अठ्ठावन्न पूर्ण होईपर्यंत रेटावं, हे त्यांचं दोन वर्षं ठरत नव्हतं. आई म्हणायची, “सोड गं ती नोकरी. घरातही वॉर्डातल्यासारखी बोलायला लागलीस.”

सिस्टर दाराशी गेल्या आणि सवयीने ओरडल्या, “अकरा नंबरचे नातेवाईक कोण आहेत?”

बाकावरून कुणी उठलं नाही. फरशी पुसणाऱ्या मावशी थांबल्या. “सिस्टर, तुम्हीच की.”

सिस्टर परत आत आल्या. त्यांनी चादर आईच्या तोंडावरून खाली घेतली.

“सोडते गं,” त्या म्हणाल्या.