बारा पत्रांची फाइल

"आधी फाइल उघडायची. मग वाचायची किंवा लिहायची. काम झालं की बंद करायची," शिक्षिका म्हणाली. "एवढंच आहे, काका."

"एवढंच असतं तर मी महिनाभर तीन जिने कशाला चढलो असतो?"

ती हसली. काँप्युटरच्या वर्गात बाकी सगळी त्यांच्या नातवंडांच्या वयाची. हे एकटेच सत्तरीला टेकलेले. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात उभा जन्म गेला आणि आता रोज आपल्याच चुका मोजत होते.

"उघडताना कशासाठी उघडतोय ते सांगावं लागतं," ती पुढे म्हणाली. "आर म्हणजे फक्त वाचायला. ए म्हणजे शेवटी भर घालायला. डब्ल्यू म्हणजे नव्याने लिहायला, पण ते जपून. डब्ल्यूने उघडली की आतलं सगळं आधी पुसलं जातं."

"न विचारता?"

"त्याला काय कळतं, आत काय आहे ते. तुमच्या फाइलमध्ये आहे तरी काय?"

"पत्रं. माझ्या मुलाची. दर रविवारी अकरा वाजता एक त्याच्या आईला जायला हवं."

"मग तो स्वतःच नाही का पाठवणार?"

"जहाजावर असतो," ते म्हणाले आणि वहीत तीन अक्षरं एकाखाली एक लिहून घेतली.

मुलगा जहाजावर होता, पण तीन वर्षांपूर्वी. कंपनीचा फोन आला तेव्हा बायको हृदयाच्या ऑपरेशननंतर दवाखान्यात होती. वादळात डेकवरून वाहून गेला, सापडला नाही, एवढंच पलीकडचा माणूस सांगू शकला. डॉक्टरांनी बजावलं होतं, तिला कसलाही धक्का नको. शुद्धीवर आल्यावर तिने पहिला प्रश्न केला, "त्याचं काही आलं का?" आणि ते म्हणाले, "आलंय ना. बरी हो, मग वाच."

त्याच दुपारी त्यांनी पहिलं पत्र लिहिलं. वाटलं होतं, ती जरा सावरली की सांगू. आज नको, उद्या, असं करता करता तीन वर्षं गेली. मुलाच्या नावाने ईमेल जायचं आणि ती फोनवर वाचायची. इंजिनाची घरघर, आचाऱ्याचा पाणचट चहा, खिडकीएवढं आकाश. मुलगा लहानपणापासून 'आणि'तली वेलांटी दीर्घ काढायचा. मुद्रितशोधक प्रत्येक पत्रात ती चूक तशीच ठेवायचे. लिहिताना हात अडायचा, पण तेवढ्या एका अक्षरात तो जवळ येऊन बसल्यासारखा वाटायचा.

स्वतःबद्दल मात्र त्यांना काही लिहिता येत नसे. शेवटी फक्त 'बाबांना नमस्कार'. शेवटच्या खेपेला निघताना दोघांची वादावादी झाली होती आणि ते दारापर्यंतही गेले नव्हते. मुलाने क्षमा केली असं मुलाच्या नावाने कसं लिहिणार?

बायकोने एकदाही फोन लावून द्या म्हटलं नाही. तिच्या भोळेपणाचे त्यांनी मनोमन आभार मानले होते.

आता त्यांच्याच पोटात गाठ निघाली होती. ऑपरेशन, मग दवाखाना, पुढचं कुणी सांगू शकत नव्हतं. म्हणून बारा पत्रं आधीच लिहून ठेवली आणि ती एकेक करून पाठवणारा प्रोग्रॅम शिकायला घेतला. शिक्षिकेने तपासला, दोनदा चालवून पाहिला. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी त्यांनी फाइलला नीट नाव दिलं, प्रोग्रॅममधली फाइल उघडायची ओळ नव्याने टाइप केली आणि काँप्युटर चालू ठेवून निघाले.

"हा बंद करू नकोस हं," त्यांनी बायकोला बजावलं.

"हात लावत नाही. चला आता, रिक्षा थांबलीय."

पहिल्या रविवारी ते औषधांच्या गुंगीत होते. बायको खाटेशी बसली होती.

"पत्र आलंय त्याचं. वाचू?"

त्यांना हायसं वाटलं. चाललं म्हणजे. तिचा चष्मा घरी राहिला होता, पण ती कुठे अडखळली नाही.

"आई, बाबांना सांग, त्या दिवशी कोपऱ्यावर वळताना मी मागे पाहिलं होतं. ते खिडकीत उभे होते. पडद्याआड लपले तरी मला दिसले. मला तेवढं पुरलं."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. हे आपण कधी लिहिलं, ते त्यांना आठवेना. बारा पत्रं भराभर लिहिली होती, दोन-तीन तर तापातच. एखाद्यात मनातलं उतरलं असेल.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

तिने पुन्हा वाचलं. पुढच्या रविवारीही एक वाचलं.

तिसऱ्या शनिवारी घरी सोडलं. रविवारी सकाळी दहाला, बायको स्वयंपाकघरात असताना, ते हळूहळू काँप्युटरपाशी जाऊन बसले. अजून दहा पत्रं जायची असतील. ते खिडकीबद्दलचं डोळ्यांनी पाहावं, एवढीच इच्छा होती.

फाइल उघडली. आत काहीच नव्हतं.

त्यांनी प्रोग्रॅम उघडला. दवाखान्यात निघायच्या सकाळी घाईत टाइप केलेल्या ओळीत आरच्या जागी डब्ल्यू होता. पहिल्या रविवारी अकरा वाजता बाराच्या बारा पत्रं पुसली गेली होती आणि प्रोग्रॅम तिथेच थांबला होता. पाठवलेल्यांची यादी पाहिली. त्यांनी स्वतः, दवाखान्यात जाण्याआधीच्या रविवारी, पाठवलेल्या पत्रानंतर एकही ईमेल गेलेलं नव्हतं.

मागे पावलं वाजली. बायको हात पुसत आली, शेजारची खुर्ची ओढून बसली आणि तिने फोन हातात घेतला.

"आज लवकर आलं त्याचं," ती म्हणाली. "वाचू?"