पिंपातली पोरं

बाबांचं सुतक फिटलं त्या सकाळी संचिता पेजेची वाटी घेऊन मागीलदारच्या पिंपापाशी गेली. सडक्या काजूबोंडांत तिला सापडलेले जिवाणू त्यात राहत. त्यांची विकरं बोंडांचा चोथा फोडत, त्यातून गॅस बुडबुडे आणि चुलीला बिनधुराची निळी ज्योत मिळे. प्रयोगशाळेतले केव्हाच मेले. इथले जगले ते बाबांच्या रोजच्या पेजेवर. “इतक्या शिकलंस आणि सडक्या बोंडूंची आवस झालंस!” म्हणून बाबा तिच्या या आईपणाला हसत, पण फोनवर न चुकता सांगत, “तुझी पोरां जेवली गो.” आज पिंपाला भलताच वास होता. “सुतक फिटला गो, म्हणान घर धुतलंय, पिंपातय फिनेल ओतलंय,” काकी मायेने म्हणाली. संचिताने झाकणाला कान लावला. एकही बुडबुडा फुटला नाही. तिने पेज तरीही ओतली, “जेवा रे,” म्हणाली आणि खालीच बसली. “रड गो बाये,” काकी म्हणाली, “बापूस परत येवचो नाय.”