अठ्ठेचाळीस की पंचाहत्तर

"भावजी, त्यांना काही सांगितलेलं नाही हं," दार उघडता उघडताच वैजयंतीवहिनी कुजबुजल्या. "डॉक्टर म्हणाले, फार तर दोन महिने. तुम्ही आपलं नेहमीसारखं बोला. तुमचा चेहरा बघूनच ओळखतील ते."

मधुकर चप्पल काढायच्या निमित्ताने जरा वाकूनच राहिला. मग चेहऱ्यावर हसू आणून आत गेला.

नंदकिशोर कॉटवर उशीला टेकून बसला होता. ऑफिसच्या हॉकी टीमचा हा एके काळचा गोलकीपर, गोल भरून उभा राहायचा. आता सदऱ्यात माणूस शोधावा लागत होता. जीभ मात्र होती तशीच.

"या, पंचाहत्तरवाले! बघितलीत ना एशियाडची मॅच? सात गोल खाल्ले दिल्लीत. पाकिस्तानकडून, तेही आपल्याच घरात!"

दोघांचा वाद जुना. नंदकिशोरच्या मते देशाची हॉकी टीम झाली ती एकच, अठ्ठेचाळीसची. स्वातंत्र्याला पुरतं वर्ष झालं नव्हतं आणि पोरांनी लंडनला जाऊन गोऱ्यांना त्यांच्याच दारात चार-शून्य हाणलं. मधुकर पंचाहत्तरचा. वर्ल्ड कप, सगळे तगडे देश हजर, आणि फायनलला पाकिस्तान. या वादापायी दोघांनी किती चहा गार केले त्याला गणती नाही. एका लग्नात तर मंगलाष्टकं संपली, नवरानवरीने हार घातले, तरी या दोघांच्या अक्षता आपल्या मुठीतच.

"बोल की आता," नंदकिशोर म्हणाला. "तुझ्या पंचाहत्तरनंतर सात वर्षांत ही गत. मग मोठी टीम कुठली?"

उत्तर मधुकरच्या जिभेवर तयार होतं. तुमच्या वेळी समोर होतं कोण, निम्मं जग लढाईतून उठलेलं, हे त्याचं ठरलेलं वाक्य. पण त्याचं लक्ष नंदकिशोरच्या काडी झालेल्या मनगटाकडे गेलं. जिंकू दे बिचाऱ्याला एकदा, आपलं काय जातंय, असं वाटलं त्याला. तिथेच घात झाला.

"तुझंच खरं," तो म्हणाला. "अठ्ठेचाळीसचीच मोठी."

नंदकिशोर हसता हसता थांबला.

"काय म्हणालास?"

"तुझंच खरं म्हटलं."

"नुसतं 'तुझंच खरं'?" नंदकिशोरने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "इतकी वर्षं तू 'बरं बाबा, तुझंच खरं' म्हणतोस आणि दुसऱ्या मिनिटाला पुन्हा सुरू होतोस. आज 'बरं बाबा' कुठे गेलं रे?"

मधुकर खिडकीबाहेर बघायला लागला. समोर सिडकोची नवी बिल्डिंग उठत होती.

"किती दिवस म्हणालेत?"

"कोण?"

"मध्या, गोलकीपर होतो मी. मला चकवू नकोस."

मधुकरने दोन बोटं वर केली.

"महिने?"

मधुकरने मान हलवली. नंदकिशोरने चादरीचं टोक चिमटीत धरलं.

"मला वाटलं होतं, वर्षभर तरी जाईल," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या. त्याने पटकन मधुकरचा हात धरला.

"हिला सांगू नकोस, मला कळलंय म्हणून. आठ दिवस ही मोरीत नळ सोडून का बसते, ते आत्ता लक्षात आलं; रडणं मला ऐकू येऊ नये म्हणून. तेवढा एक आधार आहे तिला, की मला माहीत नाही. तो काढून घेऊ नकोस. भांड."

"नंद्या, अरे आत्ता काय..."

"भांड म्हणतो ना! आपण गप्प बसलो की तिला संशय येईल."

मधुकर पुटपुटला, "तुमच्या वेळी... समोर होतं तरी कोण?"

"मोठ्याने!"

"निम्मं जग लढाईतून उठलेलं! धड खायला नव्हतं त्यांना! उपाशी माणसांना हरवून कसली फुशारकी मारता?"

"आणि तुमचं काय रे? एका गोलाने जिंकलात! एका!"

"फायनल होती ती! पाकिस्तानशी! तिथे एक गोल म्हणजे काय चेष्टा वाटली?"

दोघांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि दोघेही शिरा ताणून ओरडत होते. वहिनी चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं बाई! हॉकीपायी रडतात काय म्हातारे?"

आणि त्या हसल्या. तोंडदेखलं नाही, अगदी पोटातून हसल्या. कप ठेवून, डोळे पुसत आत गेल्या.

नंदकिशोरला धाप लागली होती. तरी त्याने हातानेच खूण केली, चालू ठेव. मधुकर ओरडत राहिला. आतून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, वहिनींनी शेजारणीला घातलेली हाक ऐकू आली.

"अहो चांगुणाबाई, ऐकलंत का? आज बरे आहेत हो हे. भांडतायत!"