तारीखवार टोमणे

लुबेननं तक्रारीचा कागद पुढे केला तेव्हा त्याची बोटं मातीनं पांढरी होती. मालकीणबाई, मिस हॉलिन्स, यांनी चष्मा लावला आणि कागद मोठ्यानं वाचायला घेतला. तसं होईल असं त्याला वाटलं नव्हतं. सिरिल तिथंच दारात उभा होता.

इंग्लंडातल्या स्टोकच्या त्या कपबशांच्या कारखान्यात लुबेन कपांना कान चिकटवायचा. शेजारच्या बाकावर सिरिल, तीस वर्षं तेच काम करणारा. लुबेनला बल्गेरियाहून येऊन नऊ महिने झाले होते. सिरिल जे बोलेल ते लुबेन खोलीवर जाऊन शब्दकोशात बघायचा आणि तारीख घालून लिहून ठेवायचा.

"'आलास? आम्हांला वाटलं, सुटलो एकदाचे,'" मिस हॉलिन्स वाचत होत्या. "'तू लावलेला कान बघून कप बहिरा झाला.' 'तुझ्या देशानं तुला फुकट का दिलं, ते आता कळलं.'"

त्या सरळ आवाजात ते सगळं फार उघडं वाटत होतं. लुबेनची मान खाली गेली. त्याचं मागणं मोठं नव्हतं. या परक्या गावात एकानं तरी आपल्याला आपलं म्हणावं, सकाळी दोन शब्द गोड बोलावे, बस.

"एवढं सगळं मी म्हणालो?" सिरिलनं विचारलं.

"म्हणालात," लुबेन म्हणाला.

सिरिलनं टोपी काढून माफी मागितली.

सोमवारी तो वाट बघत उभाच होता. नमस्कार केला, आपण कसे आहात विचारलं, चहाचा कप दोन्ही हातांनी पुढे धरला. रोज तसंच. बाकीचेही अदबीनं बोलू लागले. लुबेननं बहिणीला फोनवर सांगितलं, इथं आता मान मिळतो. पण बाकावर अशी शांतता पसरली, की ओली माती वाळतानाचा आवाजही ऐकू आला असता.

शनिवारी तो ओटची धिरडी आणायला गेला. रांगेत पुढे सिरिल होता, बायकोची चाकाची खुर्ची ढकलत.

"चाकं लावून दिली तरी हलत नाहीस, म्हातारे," तो तिला म्हणत होता. "भंगारवालासुद्धा तुला नको म्हणाला."

"त्यानं आधी तुझं तोंड बघितलं असेल," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. सिरिल तिच्या गळ्याभोवती शाल सारखी करत होता, ओल्या कपाला कान लावावा इतक्या हलक्या बोटांनी.

तोच सूर. तोच, नऊ महिने ऐकलेला. लुबेनचा चेहरा तापला. पाय मागे फिरत होते, पण त्यानं त्यांना रोखलं. शब्द जुळवले, दोनदा मनात म्हणून पाहिले.

"सिरिल," तो अडखळत म्हणाला, "रांग का अडवलीत? तुम्ही... तुम्हीही भंगारात निघालात वाटतं."

सिरिलची बायको वळली. तो परका उच्चार ऐकून तिचे डोळे लकाकले.

"अगं बाई, हाच ना रे तुझा तो बिनकामाचा? ज्याच्या गोष्टी रोज रात्री सांगायचास? नाताळाला आपल्याकडे जेवायला यायचाय तो?"

सिरिलनं खुर्ची अदबीनं बाजूला घेतली, लुबेनला वाट करून दिली.

"नाही गं," तो म्हणाला. "हे मिस्टर कोलेव्ह. आमच्या कारखान्यात असतात."