कर्दळीची कापणी

"भावोजी, तळं पुन्हा हिरवं झालंय. गुरं तोंड लावत नाहीत," मेहुणी सगुणा बांधावरून म्हणाली.

मला ठाऊक होतं. गावचं सांडपाणी आधी खडीच्या वाफ्यातून जातं. तिथली कर्दळ त्यातलं खत शोषते, मग पाणी तळ्यात उतरतं. पण वाढलेली कर्दळ कापून बाहेर काढावी लागते. नाहीतर ती तिथंच कुजते आणि शोषलेलं सगळं पाण्याला परत देते. ही कर्दळ माझ्या बायकोनं लावली होती. ती गेल्यापासून आठ महिने मी विळा लावला नव्हता.

"तिच्या हातची आहे," मी म्हणालो.

"म्हणून कुजवताय? अक्का असती तर आधी तुम्हालाच विळा लावला असता."

ते खरंच होतं. विळ्याला धार लावून मी वाफ्यात उतरलो. पहिला बुंधा कापून बाजूला ठेवला. मग कापत गेलो. सगुणा भारे बाहेर ओढू लागली. लाल फुलांपाशी आलो, तशी तीच कळवळली.

"एवढी राहू द्या ना. अक्काची आठवण."

"फुलावर आलेली कर्दळ तुझी अक्का आधी कापायची," मी म्हणालो आणि विळा चालवला.