त्याच्या वाटचा शब्द

आमचं लेकरू पाच वर्षांचं झालं तरी बोलेना, म्हणून त्याला घोडेस्वारीच्या उपचाराला न्यायला लागले. तिथली भुरी घोडी ‘चल’ ऐकल्याशिवाय पाऊल टाकत नाही, आणि तो शब्द पाठीवर बसलेल्या मुलानंच म्हणायचा, असा नियम. लेकरू ओठ हलवायचं, घोडी कान टवकारायची, इकडे माझा जीव गोळा व्हायचा, आणि शेवटी मीच म्हणायचे, “चल गं बाई.” घोडी डुलत डुलत निघायची.

एक दिवस शिकवणाऱ्या मॅडमनी मला हात जोडले. “ताई, त्याच्या वाटचंही तुम्हीच बोलून टाकता. त्याची पाळी यायची कधी? जा, कुंपणापलीकडे बसा बघू.”

बसले, तोंडावर हात दाबून. बऱ्याच वेळानं घोडी चालू लागली. मॅडम तिथूनच म्हणाल्या, “बोलला हो, ताई.”

मी धावतच गेले. त्याला खाली उतरवून छातीशी धरलं. “माझ्या चिमण्या, घोडीला काय म्हणालास रे?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. हळूच ओठ उघडले.



आणि मीच म्हणाले, “चल म्हणालास, हो ना?”